डोंगरावरची म्हातारी

(कोजागरीच्या कार्यक्रमात मंडळाच्या भगिनींपुढे केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून ते येथे छापीत आहोत.)



मी काही सभा गाजवणारी बाई नव्हे. मुलीकडे जपानात तीन महिने राहून आले एवढ्याच भांडवलावर चिटणीसबाईंनी मला येथे उभे केले आहे. "तिकडचे काहीतरी सांगा," असे त्या म्हणाल्या. तिकडच्या आगगाड्या आणि स्वच्छता यांची वर्णने तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. म्हणून मी आज तिकडच्या भुतांविषयी बोलणार आहे. घाबरू नका, दूध आटेपर्यंत भुते परत जातील!

जपानचा सुमारे तीन चतुर्थांश मुलूख डोंगराळ आहे. माणसांनी सपाटीवर दाटीवाटीने राहायचे आणि मान वर केली की डोंगर दिसायचा, अशी तेथली वस्ती. तेव्हा तो डोंगर रिकामा कसा असेल? लोकांच्या मनाने तेथे नाना प्रकारचे रहिवासी नेऊन बसवले आहेत. एक आहे तेंगू. लांबलचक नाक, लालबुंद तोंड, पाठीला पंख आणि स्वभाव मोठा गर्विष्ठ. क्योतो शहराच्या उत्तरेला कुरामा नावाचा डोंगर आहे. तेथल्या तेंगूंच्या राजाने उशिवाका नावाच्या पोरक्या मुलाला तलवार शिकवली आणि तोच पुढे योशित्सुने नावाचा मोठा योद्धा झाला, अशी कथा तेथे पोरासोरांनाही ठाऊक असते. जपानी माणूस अजूनही गर्वाने फुगलेल्याला "तेंगू झाला" असे म्हणतो.

दुसरी आहे यामा-नो-कामी, म्हणजे डोंगराची देवता. पुष्कळ गावांत अशी समजूत होती की ही देवता वसंतात डोंगर उतरून खाली येते, भातशेतीची देवता होऊन शेत राखते आणि कापणी झाली की परत डोंगरावर जाते. बऱ्याच ठिकाणी ती स्त्री मानतात, पण दिसायला कुरूप आणि मत्सरी! म्हणून शिकारी तिला खूश करायला ओकोझे नावाचा एक अतिशय कुरूप मासा नेऊन दाखवीत. आपल्याहूनही कुरूप कोणी आहे हे पाहून तिला हसू यावे आणि तिने शिकार द्यावी, हा हेतू. आणि गंमत अशी की जपानी पुरुष चेष्टेने घरातल्या बायकोलाही "यामा-नो-कामी" म्हणत आले आहेत. पुरुषांच्या चेष्टा सगळीकडे सारख्याच, नाही का?

पण मला आज सांगायचे आहे ते तिसरीविषयी. तिचे नाव यामानबा, म्हणजे डोंगरावरची म्हातारी. पांढरे पिंजारलेले केस, फाटकी वस्त्रे, रानात एकटीचे राहणे. वाट चुकलेल्या माणसाला ती आसरा देते आणि रात्री खाऊन टाकते, असे म्हणतात.

तिची एक गोष्ट ऐका. एक महाकंजूष माणूस होता. "जेवणार नाही अशी बायको मिळाली तरच लग्न करीन," असे तो म्हणे. एके दिवशी एक बाई दारात आली आणि म्हणाली, "मी जेवत नाही, मला करून घ्या." त्याला आनंदीआनंद झाला. बाई दिवसभर राबे आणि अन्नाला शिवत नसे. पण कोठारातले तांदूळ मात्र भराभर संपू लागले. तेव्हा तो एक दिवस कामाला गेल्याचे सोंग करून आढ्यावर चढून बसला. पाहतो तो काय, बायकोने मोठे हंडाभर भात शिजवला, त्याचे मुटके वळले, केस सोडले, आणि डोक्याच्या मध्यावर एक भले मोठे तोंड उघडले! त्या तोंडात ती एकेक मुटका टाकू लागली. पुढे ती त्याला टोपात घालून डोंगरावर घेऊन निघाली आणि तो उडी मारून लव्हाळ्यासारख्या पात्यांच्या आड लपला म्हणून वाचला.

मुलीने ही गोष्ट सांगितली तेव्हा मी आधी हसले. मग मला वाटले, ही गोष्ट नक्की एखाद्या बाईने रचली असावी. सर्वांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल ते खाणाऱ्या बाईला भूक नसते, असे घर समजते. ती भूक कुठेतरी जातेच ना?

आता दुसरी बाजू पाहा. हीच यामानबा किंतारो नावाच्या बलदंड मुलाची आई मानतात. आशिगारा डोंगरात तिने त्याला अस्वलांच्या संगतीत वाढवले. पाच मे या मुलांच्या सणाला घरोघर किंतारोच्या बाहुल्या मांडतात. उतामारो या अठराव्या शतकाच्या अखेरच्या नामांकित चित्रकाराने या मायलेकरांची कितीतरी चित्रे काढली. त्या चित्रांत ती राक्षसीण नाही. केस विस्कटलेली पण मुलात रमलेली आई आहे.

आणि नो नावाच्या त्यांच्या जुन्या नाट्यप्रकारात "यामानबा" याच नावाचे एक नाटक आहे. झेआमी या थोर नाटककाराच्या नावावर ते सांगतात. राजधानीतली एक नर्तकी यामानबाचे गाणे गाऊन प्रसिद्ध झालेली असते. ती झेन्कोजी या देवळाच्या यात्रेला निघते. वाटेत डोंगरात एकाएकी अंधार पडतो, आणि एक बाई येऊन तिला आसरा देते. ती खरी यामानबा असते. तिची तक्रार एवढीच, की माझ्या नावावर तू कीर्ती मिळवलीस, पण माझी कधी आठवण तरी केलीस का? मग ती आपली हकिकत सांगते. लाकूडतोड्याचे ओझे जड झाले की मी त्याला हात देते, मागावर बसलेल्या बायकांच्या घरात शिरून त्यांचे विणकाम पुढे नेते, पण माणसांना मी दिसत नाही. बायांनो, घरात काम होते पण करणारी दिसत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

ही म्हातारी मुळात कोण असावी? यानागिता कुनिओ नावाचे एक विद्वान होऊन गेले. जपानातील लोककथांच्या अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. तोनो या डोंगराळ भागातल्या गोष्टी ऐकून त्यांनी 1910 साली एक छोटे पुस्तक काढले. त्यात एक हकिकत अशी आहे. एका घरची तरुण मुलगी नासपतीच्या झाडाखाली आपल्या सपाता ठेवून नाहीशी झाली. तीस एक वर्षांनी नातेवाईक त्या घरी जमले असता ती आली, अगदी जख्ख म्हातारी होऊन. का आलीस विचारले तर म्हणाली, सगळ्यांना बघावेसे वाटले म्हणून आले, आता जाते. आणि गेली. त्या दिवशी वारा सुटला होता. तेव्हापासून सोसाट्याचा वारा सुटला की तोनोचे लोक म्हणत, आज ती म्हातारी परत यायची.

त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे. साठी उलटलेल्या माणसांना गावाबाहेरच्या एका माळावर नेऊन ठेवण्याची रीत पूर्वी होती, असे तेथले लोक सांगत. ती माणसे दिवसा खाली उतरून शेतात काम करीत, पोटापुरते मिळवीत आणि संध्याकाळी पुन्हा माळावर जात. मी स्वतः साठी केव्हाच ओलांडली आहे. हे ऐकल्यावर मला दोन दिवस चैन पडले नाही.

मग मुलीने मला ओबासुते येथे नेले. नागानो प्रांतातले हे डोंगरातले लहानसे स्टेशन. नावाचाच अर्थ "म्हातारीला टाकणे" असा आहे. फलाटावर उभे राहिले की खाली सारे खोरे दिसते, आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांची भाताची शेते. शेतांत पाणी भरलेले असते तेव्हा प्रत्येक शेतात वेगळा चंद्र दिसतो म्हणतात. 1999 साली जपान सरकारने ही शेते निसर्गसौंदर्याचे राष्ट्रीय स्थळ म्हणून जाहीर केली. बाशो हा त्यांचा मोठा कवी 1688 साली केवळ येथला चंद्र पाहायला पायी आला होता. त्यांची चंद्रदर्शनाची रात्र बहुधा आपल्या भाद्रपदातल्या पौर्णिमेला पडते. तांदळाच्या पिठाचे गोल लाडू आणि गवताचे तुरे मांडून ते चंद्र पाहतात.

या जागेची गोष्ट दहाव्या शतकातल्या एका ग्रंथात आहे. एका माणसाला त्याच्या मावशीने आईसारखे वाढवले होते. ती म्हातारी होऊन वाकली, तेव्हा त्याची बायको भुणभुण लावू लागली, हिला डोंगरात टाकून या. एका चांदण्या रात्री "देवळात मोठा उत्सव आहे" असे सांगून त्याने मावशीला पाठीवर घेतले आणि उंच डोंगरात सोडून तो परत आला. घरी येऊन पडला, पण डोंगरामागून चंद्र वर आला आणि त्याला झोप येईना. शेवटी तो उठला, गेला आणि मावशीला परत घेऊन आला. दुसऱ्या एका गोष्टीत पाठीवरची आई वाटेने डहाळ्या मोडीत जाते. मुलाला वाटते, परत यायला खुणा करते आहे. ती म्हणते, नाही रे, अंधारात तुला घरची वाट सापडावी म्हणून.

अशी चाल खरोखर होती, याला अभ्यासकांना पुरावा सापडत नाही, आणि या गोष्टींचा एक धागा तर आपल्याच देशात आहे. पाचव्या शतकात चिनी भाषेत उतरलेल्या एका बौद्ध कथासंग्रहात म्हाताऱ्यांना हाकलणाऱ्या राज्याची कथा आहे. एक प्रधान आपल्या बापाला लपवून ठेवतो, राज्यावर कूटप्रश्नांचे संकट येते, आणि हत्तीचे वजन नावेने कसे करावे हे तो म्हातारा सांगतो. आपल्याकडे ही नावेची युक्ती शहाजीराजांच्या नावाने सांगतात, ती तुम्हांला आठवेल.

चाल होती की नव्हती हे विद्वानांनी पाहावे. मी आता जे सांगणार आहे ते मात्र घडलेले आहे. ते सांगावे की नाही याचा मी आठ दिवस विचार केला.

1989 साली माझ्या सासूबाई आमच्याकडे होत्या. वय ऐंशीच्या घरात. त्यांना विसर पडू लागला होता. गॅस पेटवून निघून जायच्या, रात्री दार उघडून उभ्या राहायच्या. घर दोन खोल्यांचे, मुले परीक्षांची. मी यांच्यामागे लागले, की आईंना गावी ठेवू, शेजारची बाई भात-आमटी करून घालील, मोकळी हवा आहे. भुणभुण लावणारी मीच होते. शेवटी हे त्यांना घेऊन राजापूरकडच्या आमच्या गावी गेले. दारात निघताना त्यांना बहुधा सारे कळले होते. त्या काही बोलल्या नाहीत. गावी पोचल्यावर मात्र ह्यांना म्हणाल्या, "अरे, रात्रीच्या एस.टी.ने परत जाऊ नकोस हो. घाटात धुकं असतं. सकाळी जा."

ओबासुतेच्या फलाटावर त्या मोडलेल्या डहाळ्यांची गोष्ट ऐकताना मला तेच वाक्य आठवले. गोष्टीतला माणूस परत गेला. आम्ही "दिवाळीनंतर आणू" म्हणत राहिलो. त्या त्याच श्रावणात गेल्या. त्यानंतर कित्येक कोजागरीला हे गच्चीवर दुधाचा पेला हातात घेऊन बसत, आणि दूध गार होई. मला ते कधी बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

मी स्वतःला फार दोष देत बसले आहे असे समजू नका. दोन खोल्यांत विसराळू माणूस सांभाळणे कठीण असते, हे त्यातून गेलेल्यांना ठाऊक आहे. पण त्या वेळी आठवड्यातून दोन दुपारी जरी कोणी त्यांच्याजवळ बसले असते, तर मी इतकी थकले नसते. मी कोणाला विचारले नाही, आणि कोणी आपण होऊन आले नाही.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपल्या गल्लीत निदान पाच जणी अशा आहेत, की ज्या आज जिने उतरता येत नाहीत म्हणून येथे नाहीत. त्यांत दोघी आपल्या मंडळाच्या जुन्या सभासद. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आपल्यापैकी दोघींनी एकेका घरी दोन तास बसावे. त्या घरच्या सुनेने तेवढ्यात बाजार करावा किंवा नुसते झोपावे. पहिला मंगळवार माझा. आणि आज दूध वाटताना पाच पेले वेगळे झाकून ठेवावे. ते मी आणि माझ्याबरोबर येईल ती, वर नेऊन देऊ.

 चंद्र गच्चीवर आला आहे. चला.