शिडाच्या होड्यांची शर्यत

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच कुणी तरी आपल्या माहितीच्या विषयावर चार शब्द बोलायचे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणची, पापड, फार तर रुखवताची मांडणी, एवढेच माझे विषय. पण त्या म्हणाल्या, "भोपाळला काय पाहून आलात ते तुम्ही आम्हाला गिरणीत दळण टाकताना तीनदा सांगितलेत. तेच एकदा सभेत उभ्या राहून सांगा." तेव्हा तेच सांगते. चुकले तर सांभाळून घ्या.

मी पाहून आले ती तळ्यातील लहान मुलांची शिडाच्या होड्यांची शर्यत.

शीड म्हटले की ते कोळी बांधवांचे काम, आपला काय संबंध, असे आपल्याला वाटते. पण आपले पनवेल जुने बंदराचे गाव. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. त्याआधी मुंबईहून पुण्याला निघालेले पुष्कळ लोक होडीने खाडीतून पनवेलला येऊन उतरत आणि येथून पुढे घाट चढत. येथला मालही शिडाच्या पडावांतून मुंबईला जाई. म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांना शीड काही नवे नव्हते. आज आपले पाण्याशी नाते उरले आहे ते वडाळे तळ्याकाठी संध्याकाळी फिरायला जाण्यापुरते आणि गणपती पोचवण्यापुरते.

माझ्यापुरते बोलायचे तर मला तेवढेही नको वाटत असे. त्याचे कारण आधी सांगितले पाहिजे. ते मी आजवर मंडळात कुणाला सांगितलेले नाही.

मी दहा वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ माहेरच्या गावी तळ्यात बुडाला. तो सात वर्षांचा होता. आई धुणे घेऊन पुढे घरी गेली होती, राहिलेले आवरायला मी मागे थांबले होते. काठावर आणखी दोन-तीन मुले खेळत होती. भावाचा पाय घसरला तशी ती मुले ओरडत गावाकडे पळाली. मी मात्र जागची हलले नाही. माझ्या पायाशी पिळून ठेवलेले आईचे लुगडे होते. ते त्याच्याकडे फेकावे, हे मला सुचले नाही. माणसे धावत आली तोवर उशीर झाला होता. आईने मला कधी बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून आमच्या घरात पाण्याजवळ जाण्याची बंदी झाली, आणि पुढे तीच बंदी मी माझ्या मुलीला घातली. शाळेतून पोहायला शिकवण्याची चिठ्ठी आली, ती मी सही न करता परत पाठवली. शाळेची सहल समुद्रावर निघाली, तेव्हा मुलीला ताप आल्याचे खोटेच कळवले. पोर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही मायलेकी कल्याणहून पंजाब मेलने भोपाळला गेलो. तेथे माझ्या थोरल्या नणंदबाई असतात. त्यांची बारा वर्षांची मुलगी, म्हणजे माझी भाची, तेथल्या मोठ्या तलावात शिडाची होडी चालवायला शिकते, हे मला तेथे गेल्यावर कळले. ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटले, "वन्सं, एकुलती एक पोर, तिला पाण्यात सोडवते कशी तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "वहिनी, उद्या मुलांची आपसांत शर्यत आहे. तुम्ही नुसत्या येऊन बसा. मग मला काय बोलायचे ते बोला."

भोपाळचा तो तलाव म्हणजे आपल्या वडाळे तळ्यासारखे तळे नव्हे. अकराव्या शतकात राजा भोजाने बांध घालून तो करविला असे सांगतात. पलीकडचा काठ नीट दिसत नाही. राजा भोजाचा मोठा पुतळाच पाण्यात उभा केला आहे. त्या पाण्याच्या मानाने मुलांच्या होड्या एवढ्याशा, की मला आपल्या काठवटीच वाटल्या. या होडीला ऑप्टिमिस्ट म्हणतात. १९४७ साली अमेरिकेतील क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याने मुलांसाठी ती तयार केली आणि आज जगभर पंधरा वर्षांपर्यंतची मुले तीच चालवतात. लांबी सुमारे २.३ मीटर, म्हणजे आपल्या पलंगाहून थोडी अधिक. नुसत्या होडीचे वजन ३५ किलो. नाक बोथट, एकच शीड, एकच मूल. इंजिन नाही, वल्ही मारायची नाहीत. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी, आणि तळाशी पाणी उपसायला कापलेला प्लास्टिकचा डबा. अंगात मात्र प्रत्येकाच्या जीवरक्षक जाकीट. ते घातल्यावाचून कुणाला पाण्यावर सोडत नाहीत.

शर्यत सुरू होते तीही गमतीची. होडीला एका जागी थोपवून धरता येत नाही, म्हणून सगळ्या होड्या एका काल्पनिक रेषेमागे घिरट्या घालीत असतात. पंचांच्या बोटीवर पाच मिनिटे आधी निशाण चढते, चार मिनिटे आधी दुसरे, आणि शेवटचे एक मिनिट उरले की ते दुसरे उतरते. नेमक्या क्षणी रेषा ओलांडायची. आधी ओलांडली तर मागे फिरून पुन्हा यायचे.

पहिला पल्ला वाऱ्याच्या तोंडावर असतो. वाऱ्यासमोर होडी जाणार कशी, असे मी विचारले. नणंदबाई म्हणाल्या, "सरळ जातच नाही." आपण उफणायला उभ्या राहिलो की आधी वारा कुठून येतो ते पाहतो, तशी ही मुले आधी वारा पाहतात. मग तिरक्या जातात, थोड्या वेळाने दुसऱ्या अंगाला वळून पुन्हा तिरक्या जातात. आपल्या बोरघाटाचा रस्ता नागमोडी वळणे घेत चढतो ना, अगदी तसे. शिडाने वारा धरला की होडी बाजूला ढकलली जाऊ पाहते, पण तळातून पाण्यात सरकवलेली एक फळी तिला बाजूला जाऊ देत नाही, म्हणून ती पुढे सरकते.

दुसऱ्या वळणावर वाऱ्याचा झोत आला आणि माझ्या भाचीची होडी उलटली.

मी ओरडून उभी राहिले. पुढचे काही मला दिसेना. नणंदबाईंनी माझा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "थांबा वहिनी, ती मान वर काढील." तेवढ्यात पाठीमागून येणाऱ्या एका मुलाने आपली दोरी सैल सोडली. त्याचे शीड फडफडू लागले, होडी थांबल्यासारखी झाली आणि तो तिच्याकडे पाहत राहिला. दोन होड्या त्याला मागे टाकून गेल्या, तरी तो हलला नाही. भाचीचे डोके वर आले. तिने हात उंच केला. तो पाहिल्यावर मग त्याने दोरी ओढली आणि तो पुढे गेला. भाचीने पाण्याखालच्या त्या फळीवर वजन टाकून होडी सुलटी केली, आत चढली, डब्याने पाणी उपसले आणि शर्यत पुरी केली. सुरक्षेची मोटरबोट जवळ येऊन उभी होती, पण तिची गरज लागली नाही. माझ्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मी खाली बसून रडले.

संध्याकाळी भाचीने मला नियम सांगितले. एकूण वजाबाकीचाच हिशेब. पहिल्या नंबराला एक गुण, दुसऱ्याला दोन. ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला. अनेक शर्यती घेतात आणि आपली सर्वांत वाईट शर्यत हिशेबातून वगळता येते. वळणाच्या तरंगत्या पिंपाला होडी लागली तर आपणच आपल्या मनाने होडीची एक गिरकी घ्यायची, दुसऱ्याची वाट अडवली तर दोन. पंचाने पाहिले की नाही याची वाट पाहायची नाही. हे ऐकून मला आपल्या भिशीची आठवण झाली, पण ते असो.

मी विचारले, "तो मुलगा का गं थांबला?" ती म्हणाली, "मामी, तो तर अगदी पहिला नियम आहे. संकटात असेल त्याला आपल्याकडून होईल ती सगळी मदत करायची." शर्यत जगात कुठेही असो, नियमांच्या पुस्तकात पहिला नियम हाच असतो. तिनेच मला एक गोष्ट सांगितली. १९८८ साली सोल ऑलिंपिकच्या वेळी लॉरेन्स लेम्यू नावाचा कॅनडाचा खेळाडू आपल्या शर्यतीत दुसरा होता. समुद्र खवळला होता. जवळच दुसऱ्या शर्यतीतील सिंगापूरचे दोघे पाण्यात पडलेले त्याला दिसले. शर्यत सोडून तो वळला, दोघांना वाचवले आणि मग पुढे गेला. पंचांनी त्या शर्यतीपुरता त्याला दुसरा नंबर दिला. पुढे पदक मिळाले नाही, पण ऑलिंपिक समितीने त्याचा वेगळा सन्मान केला.

रात्री मला झोप आली नाही. माझ्या भावाजवळ त्या दिवशी आम्ही तीन-चार मुले होतो. एकालाही हा पहिला नियम कुणी सांगितला नव्हता. दोष कुणाला द्यायचा? पाण्यापासून लांब ठेवले म्हणजे मूल सुरक्षित, असे मी इतकी वर्षे समजत होते. पण तळी, विहिरी, खाड्या, पावसाळ्यातल्या नद्या आपल्या अवतीभवती आहेतच. बंदीने माझी मुलगी पाण्यापासून वाचली नव्हती. ती फक्त माझ्यासारखीच अडाणी राहिली होती.

तेथल्या मुलींचे आणखी थोडे सांगते. देवास जिल्ह्यातील एका शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर याच भोपाळच्या तलावात शिकली. २०२३ साली चीनमधील आशियाई खेळांत तिने रौप्यपदक मिळवले. अकरा शर्यतींत ३२ गुण, त्यांतली वाईट शर्यत ५ गुणांची, ती वजा जाता २७. तिच्या आधी २०१८ साली भोपाळलाच शिकलेली हर्षिता तोमर कांस्यपदक घेऊन आली होती. आणि आपल्या आरमारातील दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी बायका २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून तारिणी नावाच्या शिडाच्या नौकेतून निघाल्या, त्या पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी परत गोव्याला आल्या. कुठे त्या आणि कुठे आपण, असे म्हणून सोडून देऊ नका. त्यांनाही कधी तरी कुणी तरी पहिल्यांदा पाण्यात उतरू दिले असेलच.

पनवेलला परतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मुलीचे नाव तरणतलावावर घातले. पहिल्या दिवशी मी कठड्याला धरून उभी होते, दुसऱ्या दिवशी बाकावर बसले. आता ती पाण्यावर पाठीवर तरंगते आणि तेथूनच मला हात करते. होडीचे म्हणाल तर तिने भोपाळच्या पुढच्या सुट्टीचे आताच ठरवून टाकले आहे. मी अजून हो म्हटलेले नाही, पण नाहीही म्हटलेले नाही.

राहता राहिली माझी आई. तिला सांगायचे मला धैर्य होईना. शेवटी सांगितले. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने एवढेच विचारले, "पाण्यात पडली तर मान वर ठेवता येते का तिला?" मी म्हटले, "येते." मागच्या आठवड्यात तिने आपले एक जुने मऊ लुगडे फाडून, त्याचे दोन पंचे शिवून नातीसाठी पाठवले.

आता मंडळापुढे एक विनंती ठेवते आणि माझे बोलणे संपवते. हळदीकुंकू, भजन, पाककृती हे सगळे चालू द्याच. त्याबरोबर आपल्या मुलींना आणि मुलांनाही पोहायला घालू या. आणि एक दिवस जाणकार माणसाला बोलावून बुडणाऱ्याला काठावरून मदत कशी करायची, म्हणजे स्वतः उडी न टाकता दोरी, बांबू, साडी, ओढणी, हाताशी असेल ते कसे फेकायचे, हे आपण सगळ्या जणी शिकू या. ज्यांना नावे द्यायची असतील त्यांनी कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे द्यावीत. ज्या मैत्रिणींना भीती वाटते त्यांच्याबरोबर पहिल्या दिवशी कठड्याशी उभी राहायला मी येईन.