नाल्याचं पाणी, पाड्याची वीज
(गावांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मोठ्या धरणाची वीज आमच्या डोक्यावरच्या तारांतून शहराला जाते. पाड्यात चिमणीच. म्हणून आम्ही यंदा नाल्यावर चाक बसवलं. ते कसं केलं ते ऐका, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

आधी पाणी मोजलं. धार पन्हाळीतून २०० लिटरच्या ड्रममध्ये सोडली. ड्रम २० सेकंदांत भरला. म्हणजे सेकंदाला १० लिटर. पाणी पडतं ३ मीटरवरून. हिशेबाने ताकद ३०० वॅटच्या आसपास. पण घरच्या चाकात, पट्ट्यात, डायनामोत बरीच वाया जाते. हाती राहतात ७०-८० वॅट. ७ वॅटचे दहा दिवे जळतात. दहा घरांत एकेक.

चाक जुन्या लाकडाचं, त्याला पत्र्याचे डबे. वरून पाणी पडलं की डबे भरतात, वजनाने चाक फिरतं. पण मिनिटाला पंधराच फेरे. जीपच्या जुन्या डायनामोला हजाराच्या वर लागतात. म्हणून मोठ्या चाकावरून लहान पुलीवर पट्टा, असं टप्प्याटप्प्याने फेरे वाढवले. वीज १२ व्होल्टच्या बॅटरीत साठते. ही वीज लांब तारेत मरते, म्हणून चाक घरांजवळच पाहिजे. पाणी परत नाल्यातच जातं, खालच्या शेताचं थेंबभर कमी होत नाही.

मग एक साहेब आले. म्हणाले, "कोणाला विचारून?" आम्ही ग्रामसभेचा ठराव दाखवला. २००६ च्या वनहक्क कायद्यात चाकाचं नाव नाही, हे खरं. पण कलम ५ मध्ये पाण्याचे स्रोत राखायचा अधिकार ग्रामसभेला दिलाय. जंगल तुटलं तर झरा आटतो, झरा आटला तर चाक थांबतं. राखणारे आम्ही, तर विचारायचं कोणाला?

बिलगाव विसरू नका. धडगाव तालुक्यातलं आपलंच गाव. केरळच्या दोन इंजिनिअरांची साथ आणि गावाचं श्रमदान, यातून २००३ मध्ये १५ किलोवॅटचा वीज प्रकल्प उभा राहिला. २००६ च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या पाण्याने तो बुडवला. गावाने स्वतः पेटवलेला दिवा विजेच्या नावाने बांधलेल्या धरणाने विझवला. नुसतं चाक बनवून भागत नाही. ज्या जमिनीवर ते उभं आहे, ती आपल्या नावावर पाहिजे.

म्हणून दोन कामं घेऊन जा. दिवाळीला आणि होळीला आपल्या नाल्याचं पाणी मोजा, वहीत लिहा. आणि सामूहिक दाव्याच्या नकाशावर प्रत्येक नाला, प्रत्येक झरा दाखवा. राहिला असेल तर पुढच्या ग्रामसभेत घाला.

जल, जंगल, जमीन कोणाची? आमची!