परळचे रक्त आणि बोस्टनचे औषध



रक्ताच्या कर्करोगावर युनियनच्या माणसाने काय बोलावे, असे पत्रिका पाहून काहींना वाटले असेल. आम्ही डॉक्टर नाही, कॉलेजची पायरी चढलेलो नाही. सांगणार आहोत ते वाचनालयात बसून जमविलेले आहे. पण ही हकीकत आमच्या परळातून जाते, म्हणून ती सांगण्याचा हक्क आम्ही घेतो.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. त्याच वर्षी एप्रिलपासून सुमारे सहा महिने मुंबईच्या गिरण्या संपाने बंद होत्या. संपाचा इतिहास आम्हांला तोंडपाठ. ह्या बाईंचे नाव मात्र आम्ही पन्नाशीच्या जवळ आल्यावर प्रथम वाचले. गिरणीत राबणाऱ्या व गरीब वस्त्यांतल्या गरोदर बायकांचे रक्त इतके का आटते, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम केले. बायकांच्या ताटात काय असते ते पाहिले, तर भाजीपाला, फळे, दूध जवळजवळ नाहीच. तसाच आहार माकडांना दिला, त्यांचेही रक्त आटले. मग बीअरच्या भट्टीत उरणाऱ्या यीस्टचा स्वस्त अर्क, मार्माइट, देऊन पाहिला आणि रक्त भरून आले. (दारूबंदीवाल्या मित्रांनी क्षमा करावी.) हे १९३१ मध्ये छापून आले. अर्कातले गुणकारी द्रव्य कोणते ते पुढे कळले. १९४१ मध्ये अमेरिकेत काही टन पालकातून ते वेगळे काढले व पानावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव पडले. १९४५ मध्ये ते कारखान्यात बनविण्याची रीत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत सापडली. तेथील संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे.

आता बोस्टन. तेथील मुलांच्या इस्पितळात सिडनी फार्बर हे विकृतिशास्त्रज्ञ होते, म्हणजे बहुतेक काम मृत शरीरे तपासण्याचे. ल्युकेमियात हाडांतल्या मगजात अर्धवट वाढलेल्या श्वेतपेशी बेसुमार निपजतात व चांगल्या रक्ताला जागा उरत नाही. मूल काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत जाई. फॉलिक आम्लाने रक्त भरते ना, मग ह्या मुलांना देऊन पाहू, म्हणून फार्बरनी त्या जातीची द्रव्ये दिली. रोग उलट जोराने धावू लागला असे त्यांना दिसले. हादरून जाण्यासारखीच ही गोष्ट; पण ह्या माणसाने तिच्यातूनच वाट काढली. खुराक दिल्याने रोग धावतो, तर खुराक तोडला की तो अडेल. सुब्बारावांच्या मंडळींनी त्यांना फॉलिक आम्लाचे एक तोतया भावंड पाठविले, अमिनोप्टेरिन.

हे औषध कसे चालते ते आमच्या भाषेत सांगतो. धोट्यात कांडी घातली की माग चालतो. आता हुबेहूब कांडीसारखी, पण सूतच नसलेली वस्तू धोट्यात बसविली तर? माग थांबणारच. पेशीला दुप्पट व्हावयास फॉलिक आम्ल लागते. तिच्या हाती तोतया पडला की तिचे काम बंद. अडचण अशी की शेजारचे चांगले मागही थांबतात. तोंडात फोड येतात, निरोगी रक्तही घटते.

३ जून १९४८ रोजी फार्बरनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. १६ मुलांना औषध दिले, पैकी १० जणांना उतार पडला. तो टिकला नाही, काही महिन्यांत रोग परतला. पुष्कळ डॉक्टरांचा तर विश्वासच बसला नाही. सुब्बाराव त्याच ऑगस्टमध्ये वारले. पण एका औषधाने हटत नाही तर अनेकांनी मिळून धरावे, हा विचार पुढे रुजला. आम्हां संघटनावाल्यांना ते निराळे समजावून द्यावे लागत नाही! १९६० नंतरच्या दशकात मेंफिस येथे डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र देऊन सुमारे निम्मी मुले बरी केली. आज श्रीमंत देशांत ह्या रोगाची दहांतली नऊ मुले बरी होतात. अमिनोप्टेरिनचा सख्खा भाऊ मेथोट्रेक्सेट अजून कामावर आहे, मुलांच्या ल्युकेमियात आणि काही लिंफोमांत, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगांतही.

परळला हाफकिनच्या शेजारीच १९४१ पासून टाटा हॉस्पिटल आहे. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या काही महाग नाहीत. पण उपचार दोन-अडीच वर्षे चालतो. गावाकडून आलेला बाप एवढे दिवस मुलाबरोबर राहिला तर रोजी कोण देणार? कामगार विम्यात मुलाला औषधपाणी मिळते. आईबापाच्या बुडालेल्या रोजाची भरपाई मिळत नाही. आणि विम्याबाहेरचे कामगार तर मोजण्यापलीकडे. मूल हसू-खेळू लागले की घरचे म्हणतात, बरे झाले, चला कामावर. अर्ध्यावर सोडलेला रोग परत येतो, तो अधिक हट्टाने.

म्हणून आमची मागणी आहे की मुलाच्या उपचाराच्या काळात आईबापांपैकी एकाला भरपगारी रजा मिळावी. हे कारखान्यांना झेपणार नाही, असे आम्हांला ऐकविले जाते. १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचे बिल आले तेव्हाही विरोध झाला होता, डॉ. आंबेडकरांनी त्या बिलाची बाजू मांडली आणि १९२९ मध्ये कायदा झाला. आमच्या अर्जावर सह्या गोळा करणे चालू आहे. कागद दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे, आणि ज्यांच्या शेजारीपाजारी असे आजारी मूल असेल त्यांनी तेथेच आम्हांला भेटावे.