अकरा शहरांचें पाणी

हॉलंडच्या उत्तरेस फ्रीसलंड नांवाचा प्रांत आहे. भूमि सखल, आणि तीवर कालव्यांचें व सरोवरांचें जाळें पसरलेलें. कडक हिवाळ्यांत हें पाणी गोठून १५ सेंटिमीटर जाडीचा बर्फ जमला, म्हणजे पायांत पोलादी पात्यांचे जोडे घालून लोक एकाच दिवसांत अकरा शहरांची फेरी करितात. फेरी सुमारें २०० किलोमीटरांची. १९०९ पासून १९९७ पर्यंत ती अवघी पंधरा वेळां झाली. पुढें पुरेसा बर्फच जमला नाहीं.

हीच वाट पोहून जाण्याचा संकल्प मार्टेन फान डर वेयडेन या डच जलतरणपटूनें २०१८ सालीं केला. कर्करोगाच्या संशोधनास द्रव्यसाहाय्य मिळावें, हा त्यामागील हेतु.

त्याचा पूर्वेतिहास ध्यानांत घेतल्यावांचून या संकल्पाचें मर्म कळावयाचें नाहीं. २००१ सालीं, विशी गांठतां गांठतां, त्याला रक्ताचा कर्करोग जडला. औषधोपचार झाले, मूलपेशींचें रोपण झालें. तो वांचला आणि पुन्हां पाण्यांत उतरला. २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिक सामन्यांत उघड्या पाण्यांतील १० किलोमीटरांची शर्यत प्रथमच ठेवण्यांत आली. ती त्यानेंच जिंकली.

प्रबळ इच्छाशक्तीनें मृत्यूला जिंकणारा वीर, असें त्याचें चित्र रंगविणें सोपें होतें. त्यानें मात्र तें स्वीकारलें नाहीं. आपण बरे झालों तें वैद्यकशास्त्रामुळें आणि दैवानें साथ दिली म्हणून, असें तो स्पष्ट सांगतो. मनोबलानें रोग हटतो ही समजूत त्याला घातक वाटते. कारण मग जे दगावले ते झगडण्यांत कमी पडले, असा तिचा अर्थ होतो. ज्याच्या घरचें माणूस या रोगानें गेलें आहे, त्याला या बोलण्याचें मोल सांगावयास नको. धैर्यानें रोग बरा होत असता, तर उपदेश पुरेसा होता; ज्या अर्थीं तो औषधानें बरा होतो, त्या अर्थीं प्रयोगशाळांना पैसा हवा.

१८ ऑगस्ट २०१८ रोजीं लेउवार्डेन शहरीं तो पाण्यांत उतरला. कालव्यांत लाटा नाहींत, भरती-ओहोटी नाहीं, हें खरें. परंतु गोडें पाणी समुद्रासारखें अंगाला उचलून धरीत नाहीं, आणि हवेपेक्षां पाणी शरीराची ऊब कितीतरी वेगानें ओढून घेतें. रात्रीमागून रात्र जवळजवळ झोपेवांचून काढावयाची. पाण्यांतच कांहींतरी प्यावयाचें, तेंहि पोटांत ठरेल तर. भिजून भिजून कातडी हुळहुळी व्हावयाची. हात मारण्याचें कौशल्य येथें फारसें उपयोगी पडत नाहीं. ५५ तासांत १६३ किलोमीटर तोडल्यावर, बुर्दार्ड या खेड्यापाशीं, प्रकृति बिघडल्यामुळें त्याला थांबावें लागलें. उरलें होतें तें अंतर आलेल्या अंतराच्या चौथाईहूनहि कमी होतें.

देणगीदारांनीं किलोमीटर मोजले नाहींत. निधि ५० लाख युरोंच्या आसपास गेला.

कोणी विचारील कीं, पैसाच हवा होता तर तो न पोहतां कां मागूं नये? मागणारे पुष्कळ आहेत, ऐकणारे थोडे. परंतु आपल्याच गांवच्या कालव्यांतून एक थकलेला मनुष्य हात मारीत पुढें सरकतो आहे, हें जो कांठावरून पाहतो, त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो. रोग्यांच्या आशेनें अशा एका माणसाच्या बाहुबलावर अवलंबून राहावें, हें कांहीं फारसें भूषणावह नाहीं. पण लोकांचें मन असेंच चालतें, आणि त्यानें तें बरोबर ओळखलें होतें.

२१ जून २०१९ रोजीं, रात्री अगदीं लहान असतांना, तो पुन्हां निघाला. या वेळीं मार्ग सुमारें १९५ किलोमीटरांचा होता. दोन्ही कांठांवर गर्दी लोटली होती. चौथ्या दिवशीं बुर्दार्ड मागें पडलें, आणि ७४ तासांनंतर, २४ तारखेस, तो लेउवार्डेनला पोहोंचला. त्या वेळेपर्यंत ६० लाखांहून अधिक युरो जमले होते.