आश्रय आणि वेतन : विजय हजारे यांची लँकेशायरमधील खेळी



मराठीच्या प्राध्यापकाने या व्यासपीठावरून क्रिकेटविषयी बोलावे, हे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. परंतु धार-देवासच्या पवारांनी माळव्यात गुणीजनांना जो आश्रय दिला, त्याच्या इतिहासात रजब अली खाँसाहेबांप्रमाणेच एका फलंदाजाचेही नाव घ्यावे लागते. १९१५ साली सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांना देवास थोरल्या पातीच्या विक्रमसिंहरावांनी पदरी ठेवले. ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले, तेही संस्थानी आश्रयामुळेच. पुढे ते बडोद्याच्या सेवेत गेले.

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच उन्हाळ्यात हजारे लँकेशायर लीगमध्ये रॉटनस्टॉल या गिरणगावच्या संघाकडून वेतनावर खेळत होते. एक घटना दुसरीचे कारण होती, असे मी म्हणणार नाही. पण हा योग मला बोलका वाटतो.

आपल्या भाषेत अशा खेळाडूला 'धंदेवाईक' म्हणत. या शब्दाला एक हलकेपणा चिकटलेला आहे. राजाने दिला तो मान आणि गिरणी कामगाराने दिली ती मजुरी, हा भेद मला कधीच पटला नाही. लीगमध्ये प्रत्येक संघात वेतन घेणारा खेळाडू एकच. बाकीचे आठवडाभर गिरणीत वा दुकानात राबणारे हौशी. फलंदाजी, गोलंदाजी, होतकरूंची शिकवणी, सारा भार त्या एकावर. पन्नास धावा झाल्या की प्रेक्षकांत टोपी फिरे आणि नाणी जमत. या नाण्यांत मला दरबारी शालजोडीइतकीच दाद दिसते.

शेजारच्याच बेकप गावी त्या वर्षी वेतनावर होते वेस्ट इंडीजचे एव्हर्टन वीक्स. काही महिन्यांपूर्वीच, फेब्रुवारीत, मुंबईच्या कसोटीत दोघे समोरासमोर होते. विजयासाठी ३६१ हव्या असताना भारत ८ बाद ३५५ वर थांबला. त्यांत हजारे यांच्या १२२. तेच दोन थोर फलंदाज आता रॉसेनडेलच्या एका खोऱ्यात शनिवारच्या सामन्यांवर उपजीविका करीत होते! पुढे हजारे रॉयटन संघाकडूनही खेळले.

अ‍ॅडलेडची १९४८ मधली दोन शतके, गुल महंमदांबरोबरची ५७७ धावांची भागी, हे सारे आपणांस पाठ असते. (ती भागी १९४७ मध्ये आपल्या इंदूरच्या होळकर संघाविरुद्ध झाली, हे मात्र माळव्यात सहसा कोणी बोलून दाखवीत नाही.) रॉटनस्टॉलचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो. इंग्लंडची ओली खेळपट्टी आणि वळणारा चेंडू यांचा सराव तेथेच झाला असावा, असे मला वाटते. १९५२ मध्ये लीड्स येथे भारताची दुसऱ्या डावात शून्य धावांवर ४ बाद अशी दैना झाली. पहिल्या डावात ८९ धावा केलेले कर्णधार हजारे याही वेळी खंबीरपणे उभे राहिले. दत्तू फडकर यांच्या साथीने त्यांनी १०५ धावांची भर घातली. त्यांत स्वतःच्या ५६. सामना भारताने ७ गडी राखून गमावला.