गिऱ्हाईक हिशेबाच्या वहीत सापडते
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवात केलेले भाषण)



चिटणीसबाई मला म्हणाल्या, "तुम्ही दुकानांचे फोनवरचे काम करता. ते काम तुम्हाला मिळते कसे, तेवढेच आम्हाला सांगा." फोन कसा वापरावा हे शिकवणारे पुष्कळ आहेत, घरातली मुलेसुद्धा शिकवतात. पण काम मागायला कोणाकडे जावे, काय बोलावे आणि पैसे कसे सांगावेत, हे विचारायला आपल्यातल्या बऱ्याच जणी संकोचतात. म्हणून आज मी तेवढ्याच गोष्टीविषयी बोलणार आहे.

आधी हे काम कोणते, ते सांगते. आपल्या सांगलीत शिंपी आहेत, गिरणीवाले आहेत, कासार आहेत, फराळ करून देणाऱ्या बायका आहेत, शिकवणी घेणारे मास्तर आहेत. या सगळ्यांजवळ फोन आहे, पण तो घेऊन बसायला सवड नाही. पूर्वी दुकानावर पाटी लागली, की जाहिरात झाली. आता माणूस घरातून निघण्यापूर्वी फोनवर पाहतो. दुकान उघडे आहे का? वस्तू आहे का? भाव काय? ही उत्तरे दुकानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर आणि गूगलच्या नकाशावर नीट लावून ठेवायची, नव्या मालाचे फोटो टाकायचे आणि कोणी विचारले तर वेळेवर उत्तर द्यायचे, एवढे हे काम आहे. व्यापाऱ्यांसाठी निराळे व्हॉट्सअ‍ॅप २०१८ साली निघाले. त्यात मालाची यादी भावासकट मांडता येते. ते फुकट आहे आणि नकाशावरची नोंदही फुकट होते.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपण कोणी विसरलेलो नाही. पाणी ओसरल्यावर कोणते दुकान उघडले, कोणाकडे काय मिळते, हे आपण बायकाच एकमेकींना फोनवर कळवत होतो. ती बातमी खरे तर दुकानदाराने द्यायची. पण तो बिचारा गाळ काढण्यात गुंतलेला. बातमी द्यायला दुकानाला आपले असे एक माणूस लागते, हे मी तेव्हा पाहिले.

आता गिऱ्हाईक कोठे शोधावे? पुष्कळ जणी फोनवरच शोधतात. 'घरबसल्या काम, रोजचे हजार रुपये' असे निरोप येतात आणि मन लोभावते. मैत्रिणींनो, या वाटेला जाऊ नका. ते प्रथम शंभर-दोनशे रुपये आपल्या खात्यात खरोखर टाकतात, मग 'पुढच्या कामासाठी अनामत भरा' म्हणतात, आणि मग गिळतात. काम देणारा काम करणाराकडून पैसे मागत नाही, एवढी एक खूण लक्षात ठेवा. कोणी फसलेच, तर लाज धरून गप्प बसू नये. १९३० हा सरकारी नंबर आहे, त्यावर ताबडतोब कळवावे.

मी गिऱ्हाईक शोधले ते माझ्या हिशेबाच्या वहीत. आपण सगळ्या जणी खर्च लिहितो. गेल्या वर्षभरात आपल्या घरचा पैसा कोणाकोणाकडे गेला, त्यांची नावे मी एका कागदावर उतरवली. ती सत्तावीस भरली. वाणी, दूधवाला, शिंपीकाका, मिरची कांडून देणाऱ्या आक्का, कासार, वह्या-पुस्तकांचे दुकान, चष्मेवाले, फराळवाल्या वहिनी. हे सगळे मला ओळखतात आणि मी त्यांचा माल ओळखते. परक्या माणसापुढे जी ओळख करून द्यायला चार महिने लागतील, ती येथे वीस वर्षांची तयार आहे. आपण नोकरी केली नाही म्हणून अनुभव नाही, असे आपण म्हणतो. पण वीस वर्षे गिऱ्हाईक होण्याचा अनुभव आपल्याला आहे, आणि या कामात तोच उपयोगी पडतो.

मग त्या नावांतून निवड केली. दूधवाल्याचे रतीब बांधलेले, त्याला माझी गरज नाही. वाण्याकडे सकाळपासून रांग असते, त्यालाही नाही. ज्याचा धंदा हंगामाचा आहे, ज्याच्याकडे माल मागणीप्रमाणे करून मिळतो, किंवा जो चांगले काम करतो पण गल्लीबाहेर कोणाला ठाऊक नाही, अशांना गरज असते. सत्तावीसांतली नऊ नावे उरली. नवांपैकी चौघांनी काम दिले. पुढे त्या चौघांच्या तोंडून आणखी तिघे आले. आज माझी सात गिऱ्हाइके आहेत, आणि अनोळखी असे त्यांत एकही नाही.

निवड झाली, की वेळ पाहावी. संध्याकाळी गर्दीत जाऊन दुकानदाराशी बोलू नये, तो 'हो हो' म्हणून वाटेला लावतो. दुपारी दोन ते चार त्याला सवड असते. हंगामाच्या आधी दीड-दोन महिने जावे. दिवाळीच्या फराळाचे दिवाळीत बोलून काय उपयोग? पितृपक्षात नवी खरेदी थांबलेली असते, दुकानदार माशा मारत बसलेला असतो. मी बोलणी पितृपक्षात करते आणि काम घटस्थापनेला सुरू करते. आता संक्रांत झाली आहे. फाल्गुन-चैत्रात चटणी-मसाल्याची बेगमी सुरू होईल, मुलांच्या परीक्षा संपल्या की उन्हाळी वर्ग निघतील, वैशाखात लग्ने. ज्यांच्याकडे जायचे, त्यांच्याकडे याच पंधरवड्यात जा. कोणत्या महिन्यात लोकांना काय लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको, सणवार आपल्याला पाठच असतात.

रिकाम्या हाताने जाऊ नये. कांडपवाल्या आक्कांकडे गेले, तेव्हा मी एका कागदावर फक्त प्रश्न लिहून नेले. कांदा-लसूण चटणी करायची तर मिरची किती आणावी? मसाला तुमच्याकडे भाजून मिळतो का, की भाजून आणायचा? किलोला काय घेता? नंबर आदल्या दिवशी लावावा लागतो का? गिरणी कोणत्या वारी बंद? आक्का हसून म्हणाल्या, "अगं, हेच तर दिवसभर सांगून माझा घसा बसतो!" मी म्हटले, "हे एकदा लिहून लावू. मग विचारणारीला तुम्ही बोलायचे नाही, मी सांगेन." काम तेथेच ठरले. फॉलोअर किती वाढतील, लाईक किती येतील, यातले एक अक्षर मी बोलले नाही. दुकानदाराच्या डोक्याचा ताप कोणता, तो कमी कसा होईल, एवढेच बोलावे. विक्री दुप्पट करून देते, असा शब्द तर कधीच देऊ नये. ते आपल्या हातचे नाही.

आता पैशाविषयी. आपल्या जिभेला येथेच गाठ पडते. ओळखीतले काम म्हटले, की "वहिनी, घरचेच तर आहे, फोनवरच तर टाकायचे," असे म्हणतात. म्हणून पहिल्या बोलण्यातच आकडा सांगावा आणि कागदावर लिहावा: आठवड्याला किती फोटो, उत्तरे कोणत्या वेळेत द्यायची, महिन्याचे पैसे किती आणि कोणत्या तारखेला. मी लहान दुकानाला महिन्याचे पंधराशे रुपये सांगते. पहिल्या महिन्याचे अर्धे आधी घेते. 'आधी फुकट करून दाखवा' म्हणणाराला मी नमुना म्हणून एक फोटो आणि चार ओळी करून दाखवते, महिनाभर फुकट राबत नाही. जे फुकट मिळाले, त्याचे पैसे पुढे कोणी आनंदाने देत नाही.

शिंपीकाकांची गोष्ट सांगते, म्हणजे ध्यानात येईल. तयार कपड्यांमुळे त्यांचे काम निम्म्यावर आले होते. त्यांच्या ब्लाऊजच्या शिलाईचे फोटो, किती दिवसांत मिळेल, फॉल-पिको होते का, ही माहिती मी लावली. महिना भरल्यावर पैसे मागितले, तर काका म्हणाले, "फोटो तर माझी नातसुद्धा टाकते. याचे कसले पंधराशे?" शेजारच्या दुकानातले दोघे ऐकत उभे होते. मी वाद घातला नाही. पिशवीतून वही काढून काकांपुढे ठेवली. त्या महिन्यात फोनवर एक्केचाळीस जणींनी विचारले होते. प्रत्येकीने काय विचारले, काय उत्तर दिले आणि पुढे ती दुकानात आली की नाही, हे मी रोज रात्री लिहीत असे. सतरा जणी आल्या होत्या, त्यांतल्या सहा अगदी नव्या. काकांनी आपली पावतीपुस्तके काढली आणि एकेक नाव ताडून पाहिले. अर्धा तास लागला. मग चष्मा काढून म्हणाले, "नातीला हे नाही जमायचे," आणि पैसे मोजून दिले. नंतर चष्मेवाल्यांना माझ्याकडे धाडले तेही काकांनीच.

मैत्रिणींनो, ही वही म्हणजे आपली बाजू मांडणारा वकील आहे. घरचे काम कोणी मोजत नाही, म्हणून त्याला किंमत नाही. हे काम जर मोजले नाही, तर त्याचीही तीच गत होईल.

मिळालेले गिऱ्हाईक टिकवायचे, तर चार पथ्ये पाळावीत. खाते दुकानदाराच्याच नावाने आणि त्याच्याच नंबरवर उघडावे. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनला जोडता येते, त्यासाठी त्याचा फोन आपल्याकडे ठेवायला नको. त्याच्या बँकेचा ओटीपी कधी विचारू नये, त्याने आपण होऊन सांगितला तरी ऐकू नये. दुकानात येणाऱ्या बायकांचे नंबर दुसऱ्या दुकानदाराला देऊ नयेत, आणि त्यांचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नये. दुसऱ्याच्या मालाचा फोटो उचलून आपला म्हणून लावू नये. आणि एकाच धंद्याची दोन दुकाने घेऊ नयेत. एका शिंप्याचे काम घेतले, की दुसऱ्या शिंप्याला नम्रपणे नाही म्हणावे. त्या 'नाही'मुळेच पहिल्याचा विश्वास बसतो.

आणखी एक लहान पण कामाची गोष्ट. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीने एकदम अनेकांना निरोप जातो, पण ज्याने आपला नंबर आपल्या फोनात साठवला आहे त्यालाच तो पोहोचतो. म्हणून दुकानात आलेल्या प्रत्येकीला "आमचा नंबर नावासकट ठेवा" असे सांगायला दुकानदाराला शिकवावे. हे न केल्यामुळे निरोप वाया जातात आणि ठपका आपल्यावर येतो.

काही जणी म्हणतील, की आम्हाला लिहिता येत नाही, किंवा फोटो नीट येत नाही. मीही सातवीपर्यंतच शिकले आहे. पण हे सगळे एकटीने करायला हवे असे कोठे आहे? १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्याच आजच्या लिज्जत पापडाच्या संस्थापक. त्यांनाही पहिले पापड विकायला ओळखीचाच व्यापारी लागला. आपल्या मंडळात एकीचा फोटो चांगला येतो, एकीचे अक्षर आणि भाषा चांगली, एकीला चारचौघांत बोलण्याचा धीर, एकीचा हिशेब चोख. चौघींनी मिळून दोन दुकाने घेतली, तर कोणाच्याच घरची भाकरी करपणार नाही. पैसे कसे वाटायचे, ते मात्र पहिल्याच दिवशी लिहून ठेवा, म्हणजे मैत्री राहील. आपले काम अधिकृत व्हावे असे वाटले, तर सरकारची उद्यम नोंदणी आहे. तिला एक पैसाही लागत नाही. त्यासाठी कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

शेवटी एकच विनंती. आज घरी गेल्यावर हिशेबाची वही उघडा आणि आपला पैसा कोणाकोणाकडे जातो, ती नावे काढा. त्यांतले एक नाव निवडा. त्याच्या दुकानी जाताना 'काही काम आहे का हो?' असे विचारू नका. 'तुमच्या दुकानाविषयी बायका मला काय विचारतात, ते सांगायला आले आहे,' असे म्हणा. दुकानदार खुर्ची पुढे सरकवतो, हा माझा अनुभव आहे. आणि पैशाचा आकडा सांगताना खाली पाहू नका.

तिळगूळ घ्या, गोड बोला, पण व्यवहाराचे बोलायचे तेव्हा स्पष्ट बोला.