वेषांतर आणि स्थित्यंतर

इंदूरच्या राजवाड्याच्या परिसरात सायंकाळी फेरफटका मारणाऱ्याच्या नजरेस दोन गोष्टी ठळकपणे पडतात. जवळच्या गल्ल्यांतून कापडाचा बाजार पसरलेला असतो. दुकानदार एकामागून एक घडी उलगडत असतात आणि गिऱ्हाइकांचे समाधान काही होत नाही. आणि सात मजली राजवाड्यासमोरील बागेत देवी अहिल्याबाई होळकरांचा पुतळा उभारलेला आहे. लोकांच्या मनातील अहिल्याबाईंची मूर्ती ठरलेली आहे. अंगावर पांढरे वस्त्र, डोक्यावरून पदर आणि हातात शिवलिंग. बाजारात शेकडो रंग, आणि या मूर्तीस एकच रंग. चित्रपटातील वेशभूषेचा विचार करणाऱ्यास याहून चांगला धडा क्वचितच मिळेल.

अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले. सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले आणि पुढल्याच वर्षी पुत्र मालेरावही गेले. त्यानंतर १७९५ पर्यंत या स्त्रीने महेश्वराहून राज्याचा कारभार पाहिला. आता समजा, या चरित्रावर कोणी चित्रपट काढावयास घेतला. वेशातील मोठा पालट वैधव्याबरोबर एकदाच होतो. खरी वाढ मात्र त्यानंतर सुरू होते. शोकाकुल सून आणि न्यायनिवाडा करणारी राज्यकर्ती, दोघीही पांढऱ्या वस्त्रातच. मग प्रेक्षकांस त्यांतील अंतर कळावे कसे?

चित्रपटात पात्र बोलण्यापूर्वी त्याचा वेश बोलू लागतो. पडद्यावर माणूस आला की त्याची सांपत्तिक स्थिती, त्याचा गाव, त्याचा अभिमान किंवा संकोच, यांचा अंदाज प्रेक्षक कपड्यांवरूनच बांधतो. शिवाय चित्रपटाची दृश्ये कथेच्या क्रमाने घेतली जात नाहीत. शेवटचा प्रसंग आधी आणि पहिला प्रसंग महिन्याने घेतला जाणे, ही तेथील नित्याची गोष्ट. म्हणून वेशभूषाकारास पात्राचे सारे आयुष्य आधीच मांडून ठेवावे लागते. कोणत्या प्रसंगी सदरा कोरा, कोणत्या प्रसंगी विटका, बाहीचा काठ केव्हा उसवलेला, याची टिपणे ठेवावी लागतात. नवे कापड पुनःपुन्हा धुऊन, घासून, प्रसंगी चहाच्या पाण्यात बुडवून जुने करावे लागते. गरिबी शिवता येत नाही. ती कापडात मुरवावी लागते.

मराठी रसिकांस हे नवीन नाही. १९१९ मध्ये ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले, तेव्हा भरजरी शालूंसाठी ख्यात असलेले बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत ठिगळाच्या लुगड्यात उभे राहिले. त्या ठिगळांनी सिंधूच्या संसाराची कहाणी संवादांच्या आधीच सांगितली.

हीच दृष्टी चित्रपटात नेणारी कलावती कोल्हापूरची. भानुमती राजोपाध्ये, म्हणजेच भानू अथैया, यांचा जन्म १९२९ चा. वडील अण्णासाहेब चित्रकार. मुलीचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. १९५६ च्या ‘सी. आय. डी.’पासून त्यांनी चित्रपटांसाठी वेशभूषा केली. ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या चित्रपटांसाठी त्यांस राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांतील ‘लेकिन’च्या निर्मात्या लता मंगेशकर, त्यांचा जन्मही १९२९ चाच, आणि तो इंदूरचा.

त्यांच्या दोन चित्रपटांत पात्राच्या वाढीच्या दोन उलट वाटा दिसतात. १९६५ च्या ‘गाइड’मधील राजू हा प्रवाशांना स्थळे दाखविणारा, बोलका, झकपक राहणारा तरुण. तो पैसा पाहतो, फसवणूक करतो, तुरुंगात जातो. सुटल्यावर एका देवळात तो झोपला असता कोणी साधू आपले वस्त्र त्याच्या अंगावर पांघरतो. गावकरी त्या वस्त्राकडे पाहून त्याला महात्मा समजतात. येथे वेश आधी येतो आणि माणूस मागाहून वाढतो. अंगावर अवचित पडलेल्या वस्त्रास शोभेसे वागता वागता राजू पावसासाठी उपोषण करण्यापर्यंत जाऊन पोहोचतो. वस्त्र परक्याचे होते. ते आपले करण्यासाठी त्याला प्राणांचे मोल द्यावे लागले.

‘गांधी’ या १९८२ च्या चित्रपटात याच्या उलट घडते. आरंभी दक्षिण आफ्रिकेतील आगगाडीच्या डब्यात सुटाबुटातील तरुण बॅरिस्टर बसलेला आहे. पुढे तो भारतात परततो, तो देशी पोशाखात. नदीकाठी एका गरीब स्त्रीकडे पुरेसे वस्त्र नाही असे पाहून तो आपले पांढरे वस्त्र प्रवाहात सोडून देतो आणि ते वाहत तिच्याकडे जाते. मग विलायती कापडाची होळी, आणि अखेर एक आखूड पंचा. या माणसाची वाढ अंगावर काही चढवून होत नाही. एकेक वस्त्र उतरवून होते. सुरुवातीच्या सुटानंतर बहुतेक सारे पांढरेच आहे. परंतु गिरणीच्या कापडाचा गुळगुळीत पांढरेपणा निराळा आणि हातसुताच्या जाड्याभरड्या धाग्याचा निराळा. प्रकाश दोहोंवर सारखा पडत नाही. रंग न बदलता स्थित्यंतर दाखविण्याची किल्ली येथे सापडते. या कामगिरीबद्दल १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासमवेत भानू अथैया यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.

चित्रपटात जे तीन तासांत दिसते, ते इंदूरने प्रत्यक्ष पाहिले आहे. १९१८ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून गांधीजी या शहरी आले, तेव्हा ते पूर्ण वस्त्रांत वावरत. १९२१ च्या सप्टेंबरात मदुरा येथे त्यांनी पंचा स्वीकारला. त्याच संमेलनाचे अध्यक्षपद भूषविण्यास ते १९३५ मध्ये पुन्हा इंदुरास आले, ते पंचा नेसलेले. मधल्या सतरा वर्षांत काय घडले, हे त्यांच्या अंगावरील कापडच सांगत होते. ज्या शहराची भरभराट कापडगिरण्यांनी केली, त्या शहराने ते पाहावे, यातही एक अर्थ आहे.

आता अहिल्याबाईंच्या चित्रपटाचा प्रश्न पुन्हा हाती घेता येईल. शोकाच्या दिवसांतील लुगडे चुरगळलेले, पदर चेहऱ्यावर ओढलेला असेल. कारभाराच्या पहिल्या वर्षी तोच पदर कपाळापर्यंत सरकेल, कारण समोरच्या फिर्यादीच्या डोळ्यांत पाहावयाचे आहे. पुढे महेश्वरी विणकरांच्या हातचे वस्त्र अंगावर येईल. तेही पांढरेच असेल, परंतु त्याच्या विणीत राज्यातील लोकांचे पोट दिसेल. उतारवयात ते वारंवार धुऊन मऊ झालेले, नीट घडीचे, निर्धास्तपणे नेसलेले असेल. कोणताही संवाद न बोलता प्रेक्षकांस कळेल, की हे वस्त्र आरंभी रूढीने दिले होते आणि अखेरीस तिने ते स्वतःचे केले.

वेषांतर आणि स्थित्यंतर यांतील भेद तो हाच. पहिल्याने माणूस झाकला जातो, दुसऱ्याने तो उघड होतो. पडद्याबाहेरही माणसांची पारख आपण कपड्यांवरून करतोच. ती करताना कापडाचा भाव पाहावा की त्यामागील वर्षे, हे मात्र ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे. राजवाड्याजवळच्या बाजारात पांढरे लुगडे अर्ध्या तासात मिळू शकते. अहिल्याबाईंच्या पांढऱ्या लुगड्यास आज आहे तो अर्थ येण्यास मात्र अठ्ठावीस वर्षांचा कारभार लागला.